गधेगाळ : राजाच्या हाताला घातलेला बांध

जुन्या ग्रंथांतून पनवेल तालुक्यातले म्हणून ज्याचा निर्देश येतो, ते चांजे गाव आज उरण तालुक्यात मोडते. तेथे सापडलेल्या शके ११८२ च्या, म्हणजे इ. स. १२६० च्या, शिलालेखात उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर याने एका बागेचे ठरीव उत्पन्न, १६२ द्रम्म, ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवास दिल्याची नोंद आहे. दान देणे सोपे; ते पुढच्या राजाच्या हातून वाचविणे अवघड. राजाच्या वर दाद मागावी असे न्यायासन नव्हते. मग त्याचा हात धरावयाचा कोणी?

कोकणच्या पाथरवटाने याचे उत्तर चित्रात दिले आहे. अशा दानशिळांच्या माथ्यावर सूर्य-चंद्र असतात. ते तळपतील तोवर दान चालावे. मध्ये लेख. आणि पुष्कळ शिळांच्या पायथ्याशी गाढव व स्त्री यांचे असे चित्र, की सभ्य माणसाने मान फिरवावी. हीच गधेगाळ. परळला मिळालेला अपरादित्याचा इ. स. ११८७ चा लेख पाहावा. दानाची भाषा संस्कृत. शिवी मात्र रोकडी मराठी! शासन मोडणाऱ्याच्या आईची विटंबना होवो, असा तिचा आशय. निरक्षरालाही चित्र कळत होते. गुन्हा मुलाचा आणि विटंबना आईची, हा न्याय आपल्याला रुचणारा नाही, आणि रुचूही नये. परंतु शिवीचा रोख ध्यानात घ्यावा. शासन लोपणारा कोणीही असो, त्याला ती लागू. त्यात उद्याचा राजाही आला.

इटलीतील सिएनाच्या नगरभवनात अंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये सुराज्याचे भित्तिचित्र रंगविले. न्यायदेवतेच्या तराजूपासून निघालेली दोरी त्यात २४ नागरिकांच्या हातांतून राज्यकर्त्याच्या आकृतीपर्यंत जाते. तेथे दोरी नागरिकांच्या हाती होती. आमच्या शेताच्या बांधावर तसे कोणी नव्हते. भीड घालावयाची ती लाजेची आणि शापाची.

चांजेच्या दानानंतर थोड्याच वर्षांत देवगिरीच्या महादेव यादवाने सोमेश्वरावर स्वारी केली. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे हेमाद्री सांगतो. शिलाहारांचे राज्य गेले. पुढे शतकभराने, इ. स. १३६७ मध्ये, अलिबागजवळ नागावला हंबीरराव नावाच्या राजाचा लेख कोरला गेला. त्यात शकाच्या जोडीला हिजरी सन आला आहे. शेवटी शाप आहेच.