दाराच्या कपाळावर काय आहे?



मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला, तेव्हा सुनेची एकच हौस होती. दार जुनं हवं, वाड्यासारखं, कोरीव कामाचं. मग आम्ही दोघी जुनी दारं विकणाऱ्या एका दुकानात गेलो. तिथे गुजरातकडून आलेली एक सागवानी चौकट मनात भरली. दोन्ही बाजूंना वेलपत्ती, खाली पूर्णकलश आणि वर मधोमध पद्मासनातली वीतभर मूर्ती. दुकानदार म्हणाला, "बुद्ध आहे मॅडम, हॉलमध्ये शोभून दिसेल."

सून वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, अंगावर चीवर नाही. छातीच्या मधोमध श्रीवत्स आहे. हे आपले भगवान आहेत."

त्या दिवशी दार न घेताच परत आलो. पण मन तिथेच राहिलं. त्या आठवड्यात जे वाचलं आणि आठवलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

दाराची काळजी आपल्याकडे फार जुनी. ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरीवर हाथीगुंफा आहे. तिथे कलिंगचा राजा खारवेल याचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. लेखाची सुरुवात अरिहंत आणि सिद्धांना नमस्कार करून होते. पुढे राजाने वर्षावर्षाला काय केलं ते सांगितलं आहे. गादीवर आल्यावर पहिल्याच वर्षी त्याने वादळात पडझड झालेली नगराची दारं, तट आणि घरं दुरुस्त केली. मोहिमा त्यानंतरच्या!

समोरच खंडगिरी आहे. तिथल्या अनंतगुंफेत, दारावरच्या कमानीत गजलक्ष्मी कोरली आहे. कमळात उभी लक्ष्मी आणि दोन्ही बाजूंनी तिला अभिषेक करणारे हत्ती. आपल्यातल्या काही जणी विचारतात, "लक्ष्मी दारावर चालते का गं आपल्यात?" त्यांनी तीर्थंकरांच्या मातेची सोळा स्वप्नं आठवावीत. हत्ती, वृषभ, सिंह, आणि मग हत्तींकडून अभिषेक होणारी लक्ष्मी. पुढे पुष्पमाळा, चंद्र, सूर्य, कलश, मीनयुगल असं करत निर्धूम अग्नीपर्यंत. श्वेतांबर परंपरेत ही स्वप्नं चौदा, पण लक्ष्मी तिथेही आहेच.

ही सोळाही स्वप्नं दारावर कोरलेली बघायची असतील तर खजुराहोला जा. तिथलं घंटई मंदिर दहाव्या शतकाच्या अखेरीचं. आता खांब आणि थोडंसं छप्पर एवढंच उरलं आहे. खांबांवर साखळ्यांना लटकणाऱ्या घंटा कोरल्या आहेत, त्यावरून हे नाव पडलं. गाभारा गेला, पण दाराची चौकट उभी आहे. वरच्या पट्टीच्या मधोमध गरुडावर बसलेली चक्रेश्वरी यक्षी आणि तिच्यावर ओळीने सोळा स्वप्नं. चक्रेश्वरी ही आदिनाथांची यक्षी. दार बोलतं ते असं.

मंदिराच्या दारात वरच्या पट्टीच्या मधल्या जागेला ललाटबिंब म्हणतात. ललाट म्हणजे कपाळ. कपाळावरच्या कुंकवावरून जशी ओळख पटते, तशी या जागेवरून आत कोणाचं स्थान आहे ते कळतं. बाजूच्या उभ्या पट्ट्या म्हणजे शाखा. त्यांच्यावर वेली, फुलं, द्वारपाल. शाखा तीन असोत, पाच असोत की सात, ती सजावट. कपाळ मात्र सजावट नाही.

घरांनी दाराची ही रीत देवळाकडूनच उचलली. वाड्याच्या चौकटीतल्या वरच्या आडव्या पट्टीला आपल्याकडे सुतार गणेशपट्टीच म्हणतात, मग घर कोणाचंही असो. माझ्या माहेरी त्या पट्टीवर कलश होता, त्यावर नारळ आणि पानं. बिजागऱ्या नव्हत्या. फळीच्याच वरच्या-खालच्या टोकाला लाकडी खुंटी, ती चौकटीतल्या खळग्यात फिरायची. आत अडसर, खाली उंच उंबरा. आजी म्हणायची, उंबरा उंच असला की किडामुंगी पायाखाली येत नाही.

गुजरातेत पाटण, अहमदाबादच्या श्रीमंत जैन घरांत घरदेरासर असायचं. म्हणजे घरातच छोटं मंदिर, तेही बारीक कोरीव लाकडाचं. आमची चौकट बहुधा अशाच एखाद्या घरातली असणार. आता पेढी बदलली, माणसं मुंबईला गेली, घर विकलं गेलं, की दारं निघतात.

या दारांचा व्यापार काही आजचा नाही. 1881 साली लॉकवुड डी फॉरेस्ट नावाचा अमेरिकन सजावटकार भारतात आला. त्याने अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग या जैन व्यापाऱ्याबरोबर लाकूडकामाचा कारखाना काढला. तिथले कारागीर जुन्या हवेल्यांची वेलपत्ती नव्याने कोरत आणि माल अमेरिकेला जाई. न्यूयॉर्कमधल्या डी फॉरेस्टच्या स्वतःच्या घरावर ते सागवानी काम आजही आहे. हे मला पटतं. नक्षी प्रवास करते, कारागिराला काम मिळतं.

पण त्याच डी फॉरेस्टकडून आणि त्याच्या भावाकडून 1916 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला आणखी एक वस्तू मिळाली. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा लाकडी मंडप, सोळाव्या शतकाच्या अखेरचा. तिथे तो नीट जपला आहे, जगभरचे लोक बघतात. तरीही मला वाटतं, घरासाठी नवी वेल कोरून घेणं वेगळं आणि देवळाचा मंडप उचलून नेणं वेगळं. हा फरक दुकानात उभं राहिल्यावर आपल्यालाही करता यायला हवा.

म्हणून मैत्रिणींनो, जुनं दार घ्यायला गेलात तर आधी कपाळ बघा. कलश, स्वस्तिक, कमळ, मीनयुगल, गजलक्ष्मी खुशाल आणा. जिनबिंब असेल तर ते सोफ्याच्या मागे, चपलांच्या कपाटाशेजारी लावायची वस्तू नाही. तिथे रोज नकळत अविनय होत राहणार.

मग माप. जुन्या चौकटी बुटक्या आणि जाड भिंतींसाठी केलेल्या असतात. फ्लॅटच्या पातळ भिंतीला ते वजन पेलेल का, हे सुताराला विचारा. आणि लाकूड ठोकून बघा. भुसा गळत असेल तर आत जीव आहेत. ते घरी आणायचं म्हणजे पुढे औषध मारून हिंसा करायची. त्यापेक्षा न घेतलेलं बरं.

आमच्या चौकटीचं काय झालं? सून चार दिवस अस्वस्थ होती. म्हणाली, "आई, आपण नाही घेतली तर कोणीतरी बुद्ध म्हणून घेईल, हॉटेलात लावेल." शेवटी दुकानदाराशी बोलून वरची पट्टी तेवढी घेतली, पैसे तिने स्वतःच्या पगारातून दिले. पट्टी गावच्या मंदिरात पंडितजींकडे सोपवली. स्वच्छ कापडात गुंडाळून त्यांनी ती वरच्या खोलीत ठेवली आहे. पुढे काय करायचं ते महाराजांचा विहार इकडे होईल तेव्हा विचारणार आहोत.

आणि फ्लॅटला नवं दार केलं. साधं सागवानी, वर आंब्याची पानं आणि मधोमध मंगलकलश. माहेरच्या दारावर होता तसाच. सुताराला मी कागदावर काढून दिला होता, थोडा वाकडा आला आहे. सून म्हणते, राहू दे, आपला आहे.