मुंग्यांनी ओळखलेला आजार

शायराच्या जिभेवर साखर असावी म्हणतात. माझी वीस वर्षांपूर्वी रक्तात उतरली. ईदला शीरखुर्म्याची वाटी माझ्यासमोरून मिरवत पुढे जाते आणि माझा चमचा कुठे वळतो, यावर घरभर पहारा!

हा आजार आधी ओळखला मुंग्यांनी. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या प्राचीन वैद्यांनी टिपले. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी तर तिची गोडी १६७४ मध्ये चक्क चवीवरून नोंदवली. आमचे डॉक्टर बिचारे बोट टोचून भागवतात.

निदान होते, पण उपाय? गेल्या शतकाच्या आरंभी रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवत. मरण थोडे लांबे, इतकेच. टोरांटोच्या इस्पितळात लिओनार्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा असाच हाडांचा सापळा होऊन पडला होता. वजन जेमतेम २९ किलो. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला इन्शुलिन टोचले. ते अशुद्ध निघाले. कॉलिप यांनी ते शुद्ध केले आणि २३ जानेवारीपासून पोराची साखर उतरू लागली. तो आणखी तेरा वर्षे जगला.

बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये पेटंटचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. आमच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी इन्शुलिनची कुपी असते. तिचा भाव मात्र डॉलरवर थांबलेला नाही.