डॉक्टर-भगिनी मेरी ग्लोरी व आपलीं इस्पितळें

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देवळें बांधणाऱ्या धर्मगुरूंचीं नांवें येतात व तें योग्यच आहे. परंतु धर्मभगिनींच्या इस्पितळांत आपल्या लेकीसुनांस बाळंतपणासाठीं नेणाऱ्या किती भाविकांस ठाऊक असेल कीं, हें काम करण्याची मोकळीक या भगिनींस एकेकाळीं नव्हती?

व्रतस्थ स्त्रियांनीं वैद्यकी, विशेषतः प्रसूतीचें काम, करूं नये असा ख्रिस्तसभेचा जुना दंडक होता. इकडे हिंदुस्थानांतील पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरास नाडीदेखील दाखवीत नसत. म्हणजे औषध स्त्रीनेंच द्यावयाचें, आणि जन्मभर सेवेस सिद्ध असलेल्या स्त्रियांनाच तें मना! स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन यांनीं ही अडचण रावळपिंडी येथें प्रत्यक्ष पाहिली व रोमकडे वारंवार विनंत्या केल्या. १९१३ सालीं त्या निवर्तल्या, तेव्हां दंडक होता तसाच होता.

त्यांच्याविषयींची एक लहानशी पुस्तिका १९१५ सालीं मेलबर्न येथें डॉ. मेरी ग्लोरी यांच्या हातीं पडली. त्यांचा जन्म १८८७ चा. वैद्यकीय पदवी १९१० सालची. नेत्ररोगांचें विशेष ज्ञान, शहरांत स्वतःचा दवाखाना, कॅथलिक स्त्रियांच्या समाजसेवा-संघाचें अध्यक्षपद, सर्व कांहीं होतें. तें सोडून १९२० सालीं त्या मद्रास इलाख्यांतील गुंटूर येथें येऊन येशू-मरिया-जोसेफ या डच भगिनीसंस्थेंत दाखल झाल्या. परमगुरुस्वामी बेनेडिक्ट १५ वे यांनीं त्यांना वैद्यकीची खास परवानगी दिली.

पुढें गुंटूरच्या लहान दवाखान्याचें सेंट जोसेफ इस्पितळ झालें. कित्येक वर्षें डॉक्टर एकट्या त्याच. रोगी वाढत गेले म्हणून हात वाढत नाहींत. तेव्हां त्यांनीं तेथल्याच मुलींना परिचारिका, सुइणी व कंपाउंडर म्हणून तयार केलें. माझ्या मतें त्यांची खरी कर्तबगारी येथें दिसते. चांगला वैद्य रोगी बरा करतो. आपण नसतांना तो बरा व्हावा अशी व्यवस्था लावणारा विरळा.

११ फेब्रुवारी १९३६ रोजीं, लुर्दमातेच्या सणादिवशीं, रोमनें मिशन प्रदेशांतील भगिनींस प्रसूति-वैद्यकीचीही मुभा दिली. आतां इस्पितळें वाढूं लागलीं, परंतु प्रत्येक आपापल्या कुंपणांत. परिचारिकांचें शिक्षण, नीतिविषयक प्रश्न, सरकारशीं बोलणें, हें एकेकट्या मठाच्या आवांक्याबाहेरचें. म्हणून १९४३ सालीं, ऐन महायुद्धांत, ग्लोरीबाईंच्या पुढाकारानें मूठभर भगिनींनीं कॅथलिक इस्पितळांचा संघ स्थापिला. आज त्याच्या सभासद-संस्था तीन हजारांहून अधिक आहेत.

कॅथलिकांचें स्वतःचें वैद्यकीय महाविद्यालय असावें हाही त्यांचा ध्यास होता. तें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १९५७ सालीं बंगलोर येथें त्यांनीं देह ठेवला. त्याच शहरांत १९६३ सालीं सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज उघडलें.