घोडे सुटले, मोटार जुंपली: कॅरव्हानच्या हेलकाव्यांचा इतिहास

१८८५ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक विल्यम गॉर्डन स्टेबल्स इंग्लंडहून स्कॉटलंडकडे निघाले, ते आपले घर बरोबर घेऊन. ब्रिस्टलच्या कारखान्यात बांधून घेतलेल्या त्या चाकांवरच्या घराचे नाव होते ‘वाँडरर’. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. पुढे त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून जाई आणि समोरून येणाऱ्यांना सावध करी. केवळ हौसेखातर कॅरव्हानने भटकण्याची परंपरा सहसा या प्रवासापासून मोजतात.

घोड्यांच्या संथ चालीत मोठी भीती उताराची. मागचे ओझे जनावरांच्या अंगावर लोटू नये, यासाठी जड गाड्यांच्या चाकाखाली लोखंडी अडसर घालत. (उसाने भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला कशी रेटते, हे पाहिलेल्यांना ही भीती वेगळी सांगायला नको.)

पहिले महायुद्ध संपले आणि १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या ‘एकल्स’ कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅरव्हान विक्रीस आणल्या. घोड्यांची जागा इंजिनाने घेतली, वेग वाढला आणि त्याबरोबर एक नवेच संकट आले: हेलकावे.

कॅरव्हान मोटारीला जोडली जाते ती मोटारीच्या मागच्या चाकांच्याही मागे. त्यामुळे वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकमुळे कॅरव्हान डोलली, की तिचा आडवा धक्का तरफेसारखा मोटारीची शेपटी फिरवतो. कमी वेगात हे डोलणे आपोआप विरते. एका मर्यादेपलीकडे मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत जातो. घाबरून स्टिअरिंग उलटसुलट फिरवणारा चालक त्यात भरच घालतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि जोरात ब्रेक दाबू नये, असे शिकवले जाते.

विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत या दोषाच्या मुळावरच घाव घातला. त्यांच्या ‘एअरोकार’मध्ये जोडणी मोटारीच्या मागच्या आसाजवळ आणली होती. उपाय चोख होता. पण त्यासाठी मोटारीचेच रूप बदलावे लागे. साध्या कुटुंबाच्या मोटारीमागे गोळ्यावर बसणारी जोडणीच टिकली.

मग सुरक्षितता उरली कुठे? बव्हंशी सामान भरण्यात. जड वस्तू तळाशी आणि आसाजवळ. टोकांना हलके सामान. भरलेल्या कॅरव्हानच्या वजनाचा साधारण ५ ते ७ टक्के भार जोडणीवर यावा, पण मोटारीच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे नाही. नवख्यांसाठी ब्रिटनमध्ये आणखी एक संकेत रूढ आहे: कॅरव्हानचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. बाथ विद्यापीठातील प्रयोगांतही वजनाची विभागणी आणि आसाची जागा निर्णायक ठरली. घर्षणावर चालणारी स्थिरक जोडणी मदत करते, पण चुकीचे भरलेले सामान ती सावरू शकत नाही.

१९९७ पासून परवाना काढणाऱ्या ब्रिटिश चालकांना जड कॅरव्हान ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. तीत गाडी मागे घेणे आणि कॅरव्हान सोडून पुन्हा जोडणे परीक्षकासमोर करून दाखवावे लागे. डिसेंबर २०२१ मध्ये ही अट रद्द झाली. कारण कॅरव्हानशी संबंधित नव्हतेच: लॉरीचालकांचा तुटवडा होता आणि त्यांच्या परीक्षांसाठी परीक्षक मोकळे हवे होते. तेव्हापासून जोडणी नीट बसली की नाही, हे प्रवासाला निघण्यापूर्वी चालकाने एकट्यानेच तपासायचे असते.