तुरुंगवेष आणि संहिता : लेड बेलीचे रंगमंचीय चरित्र

हडी लेडबेटर ऊर्फ लेड बेली (मृत्यू १९४९) या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाचे आयुष्य संगीतनाट्याच्या रूपात मांडू पाहणाऱ्या नाटककारापुढे एक मूलभूत पेच उभा राहतो. हे आयुष्य गायकाच्या हयातीतच नाट्यरूप झालेले होते आणि त्या नाट्याचे कर्तेपण मात्र त्याच्याकडे नव्हते.

लोकगीतांचा संग्राहक जॉन लोमॅक्स आणि त्याचा मुलगा ॲलन यांना लेडबेटर १९३३ मध्ये लुइझियानातील अँगोला तुरुंगात भेटला. बाहेरच्या जगापासून तुटलेल्या कैद्यांमध्ये मौखिक परंपरा ‘शुद्ध’ स्वरूपात टिकून असेल, ही लोमॅक्सची धारणा होती. ऑगस्ट १९३४ मध्ये लेडबेटर सुटला आणि त्याच डिसेंबरात फिलाडेल्फियाला मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या अधिवेशनात गायला. त्याच्या पहिल्या अभिजन श्रोत्यांत साहित्याचे प्राध्यापक होते, ही गोष्ट समीक्षेने विसरता कामा नये.

१९३५ च्या ‘मार्च ऑफ टाइम’ या वार्तापटात लेडबेटर आणि लोमॅक्स यांनी आपापल्याच भूमिका केल्या. त्यात कैद्याच्या वेषातील गायक गाण्याच्या बळावर सुटतो आणि उपकारकर्त्याचा सेवक होऊ पाहतो. वस्तुतः टेक्सासमधील शिक्षेतून १९२५ मध्ये गव्हर्नर पॅट नेफने त्याला खरोखरच माफी दिली होती आणि नेफसमोर त्याने विनंतीगीतही गायले होते. लुइझियानातील सुटका मात्र, तुरुंगाच्या नोंदींनुसार, चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणाऱ्या सवलतीमुळे झाली. एका घटनेतील सत्य दुसरीवर आरोपित झाले आणि आख्यायिका सिद्ध झाली. नीटनेटका सूट पसंत करणाऱ्या गायकाच्या माथी तुरुंगवेष बसला तो याच संहितेमुळे. कमाईच्या वाटणीवरून झालेल्या वादानंतर मार्च १९३५ मध्ये दोघे वेगळे झाले. वेष मात्र सुटला नाही.

‘शुद्ध लोकपरंपरा’ ही कल्पनाही अशीच तपासावी लागते. त्याचे सर्वांत प्रसिद्ध गीत ‘आयरीन’ हे गसी डेव्हिस या कृष्णवर्णीय व्यावसायिक गीतकाराच्या १८८६ मधील छापील गीताशी नाते सांगते. छापील गीत मौखिक परंपरेत मिसळले, कुटुंबातून लेडबेटरपर्यंत आले आणि त्याच्या बारा तारांच्या गिटारवर पालटले. मुद्रित आणि मौखिक यांतील सीमारेषा संग्राहकाच्या अपेक्षेत होती, गायकाच्या व्यवहारात नव्हती.

१९३६ मध्ये हार्लेमच्या अपोलो रंगमंचावर माफीचीच कथा सादर झाली, तेव्हा तेथील कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी तिला थंड प्रतिसाद दिला. १९३७ मध्ये रिचर्ड राइटने ‘डेली वर्कर’मध्ये त्याला शोषितांचा लोककलावंत म्हणून मांडले. ही प्रतिसंहिता अधिक न्याय्य खरी. पण तिच्यातही व्यक्तीपेक्षा प्रतीकच ठळक झाले.

१९५० मध्ये, गायकाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, ‘द वीव्हर्स’ने गायिलेले ‘आयरीन’ अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले; त्याच्या श्रेयनामावलीत लेडबेटरसोबत लोमॅक्सचेही नाव होते. म्हणून संगीतनाट्यापुढचा प्रश्न कर्तृत्वाचा आहे. माफीचा प्रसंग वगळला तर इतिहास अपुरा राहतो. जसाच्या तसा रंगविला तर वार्तापटाचीच पुनरावृत्ती होते. तो प्रसंग कोणी, कोणासाठी रचला, हे प्रयोगातच दृश्यमान करणारी संहिताच या गायकाला त्याच्या तुरुंगवेषातून मोकळे करू शकेल.