शाळेच्या परसबागेची कुळकथा

शाळेच्या आवारातील मेथीचा वाफा आणि मुलांच्या ताटातील मेथीची भाजी यांचा संबंध आज आपल्याला स्वयंसिद्ध वाटत असला, तरी शाळेच्या बागेच्या वंशावळीत पोटाचा विचार फार उशिरा शिरला. सतराव्या शतकात मोराव्हियाच्या कोमेनियस या शिक्षणाचार्याने शाळेला लागून उद्यान असावे असे प्रतिपादन केले, ते मुलांनी वृक्ष, फुले व वनस्पती पाहून नेत्रसुख घ्यावे म्हणून.

मुलांच्या हाताला माती लागावी, हा आग्रह फ्रीड्रिश फ्रोबेलचा. जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे १८४० साली आपल्या बालशाळेस ‘किंडरगार्टन’ हे नाव देणाऱ्या या मनुष्याने बागेची जी आखणी सांगितली, तिच्याइतकी मार्मिक गोष्ट या सबंध इतिहासात मला दुसरी आढळत नाही. मध्यभागी प्रत्येक मुलाचा स्वतंत्र वाफा आणि त्याला कवेत घेणारे सभोवारचे वाफे सर्वांच्या सामाईक मालकीचे. स्वतःच्या वाफ्यात मुलाने हवे ते, हवे तसे पेरावे. बी फार खोल पुरले गेले तर ते उगवणार नाही, शेजारच्या वाफ्यातले मात्र तरारून वर आलेले दिसेल, आणि गुरुजींना एक अक्षरही न उच्चारता पाठ पुरा होईल. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली या बालशाळांवर बंदीचा हुकूम काढला व तो सुमारे नऊ वर्षे अमलात राहिला, यावरून मुलांच्या स्वातंत्र्याची धास्ती सत्तेला किती असते ते कळते. शेजारच्या ऑस्ट्रियाने मात्र १८६९ च्या शिक्षणविषयक कायद्यात, शक्य तेथे ग्रामीण शाळेला बाग असावी, अशी तरतूद करून ठेवली.

आपल्याकडे हा विचार सर्वांगाने मांडला गेला तो वर्ध्यास. ऑक्टोबर १९३७ मधील शिक्षणपरिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगांत सूतकताईबरोबर शेती आणि फळे व भाज्यांची लागवडही धरली. आणि पुढे सेवाग्रामच्या ‘नयी तालीम’ या शिक्षणपद्धतीत शेत, स्वयंपाकघर व आहार हे तिन्ही शिक्षणाचेच विषय झाले. पिकविणारा, रांधणारा आणि जेवणारा हात एकच असावा, ही दृष्टी फ्रोबेललाही लाभली नव्हती.

ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने शालेय पोषण-परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि बागेतील भाजी माध्यान्ह भोजनात जावी, असा मार्ग राजमान्य झाला. जागा अपुरी असेल तेथे डबे, पोती व कुंड्याही चालतात. पटांगणाच्या कोपऱ्यातील एका शेवग्याचा पाला ओरबाडून आमटीत घातला, तरी लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्व मुलांच्या ताटात पोहोचते. परंतु वाफे शिपायाने खणावेत आणि मुलांनी छायाचित्रापुरते झारी धरून उभे राहावे, अशी वहिवाट जेथे पडली आहे, तेथे तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने दप्तरातील क्षेत्रफळाचा आकडा पाहून न थांबता, कोणता वाफा कोणत्या मुलाचा, हे मुलांनाच विचारावे.