रंगमंच एकाचा, नाटक दुसऱ्याचें

एखाद्या कारागिरानें घर बांधून विकावें आणि विकत घेणारानें त्याच्या भिंती हलवून, नवीं दारें काढून त्याचें निराळेंच घर करावें, यांत कोणास नवल वाटणार नाहीं. विकत घेतलेल्या पुस्तकाचीं पानें बदलून तें लोकांत पुन्हां वाटणें मात्र कोणी सहसा मान्य करणार नाहीं. संगणकावरील खेळ हा घरासारखा समजावा कीं पुस्तकासारखा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेंत उभा राहिला. तो विचारला गेला हौशी तरुणांच्या उद्योगामुळें. आणि त्याचें जें उत्तर मिळत गेलें, तें मनोरंजक असून विचार करावयास लावणारें आहे.

टेक्सासमधील आयडी सॉफ्टवेअर या लहानशा कंपनीनें १९९२ सालीं 'वोल्फेन्स्टाइन थ्रीडी' हा खेळ तयार केला. किल्ल्यांतील दालनें जणूं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहत, शत्रूशीं लढत पुढें जावयाचें, असें त्याचें स्वरूप होतें. कांहीं हौशी लोकांनीं त्याच्या फायली उलगडून त्यांत आपलीं चित्रें व नकाशे घातले. मात्र तसें करतांना मूळ फायली पुसल्या जात. कंपनीचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यास हा उद्योग चोरीचा न वाटतां कौतुकाचा वाटला. म्हणून डिसेंबर १९९३ मध्यें 'डूम' हा पुढील खेळ निघाला, तेव्हां त्याचे दोन भाग मुद्दाम वेगळे ठेवण्यांत आले. हालचाल, प्रकाश, टक्कर यांचें गणित करणारा प्रोग्राम, ज्यास इंजिन म्हणतात, तो एक. आणि नकाशे, चित्रें, आवाज यांची 'वॅड' नांवाची फाईल, ती दुसरी. इंजिन म्हणजे रंगमंच, दिवे आणि पडदे ओढण्याची यंत्रणा. वॅड म्हणजे त्यावर होणारें नाटक. नाटक बदलण्यासाठीं रंगमंच मोडण्याचें कारण उरलें नाहीं. अशा बदललेल्या खेळास 'मॉड' हें नांव रूढ झालें.

नवे नकाशे रचण्याचें साधन कंपनीनें दिलें नव्हतें. फाईलची रचना शोधून काढून तें साधनही १९९४ सालीं हौशी मंडळींनींच तयार केलें. कंपनीची अपेक्षा एवढीच होती कीं, हीं नवीं नाटकें विकत घेतलेल्या खेळावरच चालावीं. फुकट वाटलेल्या पहिल्या भागावर चालूं नयेत. अपेक्षा धोरणी होती, कारण प्रत्येक नव्या नकाशाबरोबर मूळ खेळाचें गिऱ्हाईक वाढे. पुढें १९९६ सालीं 'फायनल डूम' या नांवानें जो खेळ विक्रीस आला, त्यांत 'टीमटीएनटी' या हौशी मंडळाचें काम कंपनीनें मोबदला देऊन घेतलें होतें. त्याच वर्षीं जूनमध्यें आलेल्या 'क्वेक' या खेळानें आणखी एक दार उघडलें. 'क्वेक-सी' नांवाच्या छोट्या भाषेच्या साहाय्यानें खेळाचे नियमही बदलतां येऊं लागले. ऑस्ट्रेलियांतील तीन तरुणांनीं त्या आधारें 'टीम फोर्ट्रेस' रचला. एकट्यानें बेफाम लढण्याऐवजीं हेर, वैद्य, इंजिनीयर अशीं कामें वांटून घेऊन संघानें लढावयाचें, ही त्यांतील नवी कल्पना.

हा उद्योग लढाईच्या खेळांपुरता राहिला नाहीं. 'सिव्हिलायझेशन टू' या १९९६ च्या राज्यविस्ताराच्या खेळाचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असत. त्यामुळें प्रोग्राम लिहितां न येणाराही नवीं राष्ट्रें व नव्या मोहिमा उभ्या करूं शके. १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट' या डावपेचांच्या खेळाबरोबर तर कंपनीनें नकाशे रचण्याचें साधनच दिलें.

त्याच सुमारास हा प्रश्न न्यायासनापुढें गेला. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या १९९६ च्या खेळाबरोबरही असें साधन मिळे. अट एवढीच कीं, रचलेले नवे टप्पे विनामूल्य वाटावे. मायक्रो स्टार नांवाच्या एका व्यापारी संस्थेनें हौशी लोकांनीं इंटरनेटवर ठेवलेले असे ३०० टप्पे गोळा करून 'न्यूक इट' या नांवाची तबकडी विकावयास काढली. फॉर्मजेन या हक्कदार कंपनीशीं तिचा वाद जुंपला. मायक्रो स्टारचें म्हणणें असें कीं, या फायलींत मूळ खेळांतील एकही चित्र नाहीं. कोणतें चित्र कोठें ठेवावें, एवढ्या सूचनाच काय त्या आहेत. अमेरिकेच्या अपील न्यायालयानें सप्टेंबर १९९८ मध्यें तें म्हणणें फेटाळलें. त्या सूचनांतून ड्यूक या नायकाच्या नव्या कथाच घडतात, आणि कथेचा पुढील भाग रचण्याचा हक्क मूळ कथेच्या धन्याचा, असा निर्णय झाला. विनामूल्य वाटपास दिलेली सवलत ही विक्रीची परवानगी नव्हे, हेंही स्पष्ट झालें. निर्णय कायद्यास धरून होता. परंतु ज्यांनीं ते ३०० टप्पे रचले, ते या दाव्यांत पक्षकारच नव्हते! दोन धनी भांडले. राबणारांचें नांव कोठें आलें नाहीं.

याच्या उलट उदाहरण लगेच घडलें. मायक्रोसॉफ्ट सोडून आलेल्या गेब न्यूएल व माइक हॅरिंग्टन यांच्या 'व्हॉल्व्ह' कंपनीनें नोव्हेंबर १९९८ मध्यें 'हाफ-लाइफ' हा खेळ काढला. त्याचें इंजिनही 'क्वेक'चेंच, परवाना घेऊन पुष्कळसें सुधारलेलें. त्यावर कॅनडांतील मिन्ह ले आणि अमेरिकेंतील जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनीं जून १९९९ मध्यें 'काउंटर-स्ट्राइक' हा मॉड विनामूल्य प्रसिद्ध केला. तो इतका लोकप्रिय झाला कीं, व्हॉल्व्हनें त्याचे हक्क घेतले, दोघांना आपल्या पदरीं ठेवलें आणि नोव्हेंबर २००० मध्यें तो स्वतंत्र खेळ म्हणून विक्रीस आणला. 'टीम फोर्ट्रेस'च्या कर्त्यांनाही तिनें आधींच बोलावून घेतलें होतें. पुढें मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेंत मुलें तासाच्या हिशेबानें पैसे भरून 'काउंटर-स्ट्राइक' खेळत. तो दोन विद्यार्थ्यांच्या फावल्या वेळांतून निघाला, हें त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असावें.

सर्वांच्या वांट्यास असें भाग्य आलें नाहीं. 'स्टारक्राफ्ट'वरील एका हौशी नकाशाच्या कल्पनेंतून, 'वॉरक्राफ्ट थ्री' या खेळावर २००३ सालीं 'डोटा' जन्मास आला. त्याच्या नांवावरून व्हॉल्व्ह आणि ब्लिझर्ड या दोन मोठ्या कंपन्यांत तंटा होऊन तो २०१२ सालीं आपसांत मिटला. २०२० सालीं 'वॉरक्राफ्ट थ्री'ची नवी आवृत्ति निघाली, तेव्हां ब्लिझर्डनें नियमच करून टाकला कीं, तिच्यावर कोणी कांहींही रचलें तरी तें सर्वस्वीं कंपनीच्या मालकीचें. आपलीं दारें उघडीं ठेवण्याचा लाभ कळला. त्याबरोबर आंत येणारानें मांडलेलें नाटक आपलेंच म्हणण्याची संवयही जडली.

रंगमंच बांधणाराचा हक्क मोठा, हें खरेंच. त्याच्यावांचून नाटक उभें राहत नाहीं. परंतु नाटककाराचें नांव फलकावर लिहिल्यानें रंगमंचाचें कांहीं कमी होत नाहीं. आयडी सॉफ्टवेअरनें डिसेंबर १९९७ मध्यें 'डूम'चें इंजिन मूळ आज्ञावलीसह सर्वांस खुलें केलें. त्यामुळें तो खेळ नव्या नव्या यंत्रांवर उतरविला गेला, आणि तीस वर्षें उलटून गेल्यावरही त्यासाठीं नवे नकाशे रचले जात आहेत. त्याच्या बरोबरीच्या कित्येक बंदिस्त खेळांस असें दीर्घायुष्य लाभलें नाहीं.